गठ्ठ्यातलं दोषाचं कापड : इमाम अबू हनीफा (रह.) यांची तिजारत

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. घरात इफ्तारीसाठी म्हणून परदेशातून आलेल्या खजुराचा एक डबा आणला. डबा छान, वर अरबी अक्षरं, हलालचा शिक्का, सगळं कसं नीटनेटकं. माझ्या मुलीला स्टिकर दिसला की नखाने उचकटायची सवय. तिने तळाशी चिकटवलेला स्टिकर काढला तर खाली दुसरी छापील तारीख निघाली. खजुराची मुदत केव्हाच संपली होती. वरच्या स्टिकरने ती वर्षभर पुढे ढकलली होती.

मी डबा घेऊन दुकानात गेले. दुकानदार आपलाच माणूस, पाच वक्ताचा नमाजी. त्याने काही न बोलता पैसे परत दिले. पण वर समजावूनही सांगितलं की माल समुद्रापलीकडून येतो, दहा हातांतून फिरतो, वाटेत कोण काय चिकटवतं ते आम्हा लहान दुकानदारांना कसं कळणार? माल लांबचा आहे, मग जबाबदारी आमची कशी?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण याच प्रश्नाचं उत्तर एका माणसाने साडेबाराशे वर्षांपूर्वी आपल्या दुकानात बसून दिलेलं आहे. ते आहेत हजरत इमाम अबू हनीफा (रह.). नमाजमध्ये हात कुठे बांधायचे, वित्र कशी पढायची, हे मसले आले की आपण त्यांचं नाव घेतो. पण इमाम-ए-आज़म शेवटपर्यंत कापडाचे व्यापारी होते, ही गोष्ट आपल्या मुलांना किती सांगितली जाते? म्हणून आज त्यांच्या इबादतीबद्दल कमी आणि दुकानाबद्दल जास्त लिहिणार आहे.

कूफ्याचा बाजार

इमाम साहेबांचं नाव नुअमान, वडिलांचं नाव साबित. जन्म हिजरी ८० मध्ये, म्हणजे इ.स. ६९९ मध्ये, इराकमधल्या कूफा शहरात झाला. घराणं मूळचं अरब नव्हे. आजोबा काबूलकडून आलेले होते, असं बहुतेक चरित्रकार सांगतात. वडील व्यापारी होते आणि मुलगाही त्याच धंद्यात वाढला.

कूफा हे हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत लष्करी छावणी म्हणून वसवलेलं शहर. पण इमाम साहेबांच्या काळापर्यंत ती मोठी बाजारपेठ झाली होती. एका बाजूने खुरासान आणि इराणकडून काफिले यायचे. दुसऱ्या बाजूला दक्षिणेला बसरा आणि त्याच्याजवळचं उबुल्ला बंदर. तिथे हिंद, सिंध आणि चीनकडचा माल जहाजांतून उतरायचा. थोडक्यात, कूफ्याच्या गिऱ्हाइकासमोर असा पुष्कळ माल यायचा, जो कुणी बनवला, कुठून निघाला, वाटेत त्याचं काय झालं, हे त्याला माहीत नसायचं. आजच्या आपल्या बाजारासारखंच.

या बाजारात नुअमान बिन साबित खज़ नावाचं कापड विकायचे. हे रेशीम आणि लोकर मिसळून विणलेलं महागडं कापड. पुरुषांना निव्वळ रेशीम मना आहे, पण हे मिश्र कापड चालायचं, त्यामुळे त्याला मागणी मोठी होती. कूफ्यात अम्र बिन हुरैस यांच्या वाड्यात त्यांचं दुकान होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. असं कापड पारखायला नजर लागते. रेशीम किती, लोकर कोणती, विणीत कुठे धागा तुटलाय, रंग पक्का की कच्चा, हे विकणाऱ्याला कळतं, घेणाऱ्याला कळत नाही. इथेच फसवायला जागा असते.

बाजारातून हलक्यात, पण दुकान सुरूच

तरुणपणी ते बाजाराकडे निघाले असताना वाटेत इमाम शअबी (रह.) भेटले. मोठे आलिम. त्यांनी विचारपूस केली, पोरगा हुशार आहे हे ओळखलं आणि बाजारासोबत आलिमांच्या सोबतीतही बसायला सांगितलं. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. पुढे ते हजरत हम्माद बिन अबी सुलैमान यांच्या शिकवणीच्या हलक्यात बसले आणि जवळपास अठरा वर्षं, उस्तादांच्या इंतकालापर्यंत, त्यांच्यासोबत राहिले. हिजरी १२० मध्ये हम्माद गेले तेव्हा त्यांच्या जागी इमाम साहेबांना बसवण्यात आलं. तेव्हा त्यांचं वय चाळीसच्या आसपास होतं.

आता लक्षात घ्या, एवढं होऊनही त्यांनी दुकान सोडलं नाही. कामासाठी भागीदार होते, माणसं होती, पण व्यवहार त्यांच्या नजरेखाली होता. याचं एक कारण साधं होतं. ज्या आलिमाचं पोट सरकारी खजिन्यावर चालतं, त्याचा फतवाही कधीतरी खजिन्याकडे झुकतो. इमाम साहेबांनी खलीफांच्या देणग्या घेतल्या नाहीत. उलट ते कूफ्याहून बगदादकडे माल पाठवायचे, तिकडून दुसरा माल आणायचे आणि वर्षभराचा नफा साठवून कूफ्यातल्या आलिमांच्या अन्न-कपड्याची सोय करायचे. देताना बजावायचे की आभार माझे मानू नका, अल्लाहचे माना.

त्यांचे सर्वांत नामवंत शागिर्द इमाम अबू यूसुफ गरिबाघरचे. घरच्यांना वाटायचं, मुलाने शिकण्यापेक्षा कमवावं. इमाम साहेबांनी त्यांच्या हातात शंभर दिरहमची थैली दिली, संपली की सांग म्हणाले, आणि पुढे सांगायची वेळ येण्याआधीच देत राहिले. तोच मुलगा पुढे हारून रशीदच्या काळात सगळ्या काजींचा प्रमुख झाला. कापडाच्या दुकानातल्या हलाल नफ्यावर एक सबंध विद्यापीठ उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

गठ्ठ्यातलं एक कापड

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते.

हफ्स बिन अब्दुर्रहमान हे इमाम साहेबांचे धंद्यातले भागीदार. इमाम साहेब त्यांच्याकडे माल पाठवायचे आणि ते दुसऱ्या ठिकाणी विकायचे. एकदा असाच माल पाठवताना इमाम साहेबांनी सांगून ठेवलं की यातल्या अमुक कापडात दोष आहे, विकताना गिऱ्हाइकाला तो दाखवून द्या. हफ्स यांनी सगळा माल विकला, चांगला भाव आला, पण दोषाची गोष्ट सांगायचं विसरले. आणि ते कापड नेमकं कुणी नेलं, तेही आठवेना.

हफ्स लबाड नव्हते. फक्त विसरले होते. गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नव्हती, येण्याची शक्यताही नव्हती. आपण असतो तर काय केलं असतं? फार तर त्या एका कापडाची किंमत सदका केली असती आणि मन हलकं केलं असतं. इमाम साहेबांनी त्या सगळ्या मालाचे आलेले सगळे पैसे सदका करून टाकले. काही चरित्रकार ही रक्कम तीस हजार दिरहम सांगतात आणि त्यानंतर त्यांनी भागीदारीही मोडली असं लिहितात.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हमखास विचारतात, एका कापडासाठी सगळे पैसे का? मी त्यांना सांगते, दुधाच्या पातेल्यात लिंबाचा एक थेंब पडला तर तू कुठलं दूध वेगळं काढशील? पैशाच्या ढिगातले कोणते दिरहम त्या कापडाचे, हे आता वेगळं करता येत नव्हतं. त्यात नकळत घेतलेला दुसऱ्याचा हक्क मिसळला होता.

पण मला यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. माल इमाम साहेबांच्या नजरेसमोर विकला गेला नव्हता. दुसऱ्या माणसाच्या हातून, दुसऱ्या जागी विकला गेला होता. चूकही दुसऱ्याची होती. तरी जबाबदारी लांब गेली, असं त्यांनी मानलं नाही. ज्याला दोष माहीत आहे, त्याच्यावर तो पोहोचवण्याची अमानत आहे. मधे कितीही हात असले तरी ती अमानत कमी होत नाही.

विकायला आलेल्या बाईचा भाव

प्रामाणिकपणा म्हटलं की आपल्याला गिऱ्हाईकच आठवतं. पण ज्याच्याकडून आपण माल घेतो, त्याचं काय?

एक बाई इमाम साहेबांकडे रेशमी वस्त्र विकायला घेऊन आली. किंमत विचारली तर तिने शंभर दिरहम सांगितले. इमाम साहेबांनी वस्त्र पाहिलं आणि सांगितलं की हे याहून जास्तीचं आहे. तिने शंभराने वाढवले. ते म्हणाले, अजून जास्त. असं करता करता ती चारशेवर आली आणि तरीही ते जास्तच म्हणत राहिले. तिला वाटलं, हे आपली थट्टा करताहेत. तेव्हा त्यांनी तिला किंमत सांगणारा एखादा माणूस बोलवायला सांगितलं. तो आला, त्याने पाहिलं, आणि इमाम साहेबांनी ते वस्त्र पाचशे दिरहमला घेतलं.

गरजू माणूस अडून स्वस्तात विकतो आणि जाणकार खरेदीदार ते गप्प बसून घेतो, याला बाजारात हुशारी म्हणतात. इमाम साहेबांच्या हिशेबात ती हुशारी नव्हती.

आजच्या जागतिक व्यापारात हीच बाब सगळ्यात अवघड आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. त्यात कपडे शिवण्याचे कारखाने होते. १,१००हून अधिक कामगार मेले, त्यात बहुतेक बायका आणि मुली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. ढिगाऱ्यात परदेशातल्या मोठ्या ब्रँडची लेबलं सापडली, तेव्हा त्या दूरच्या दुकानांना विचारणा झाली. त्यानंतर कारखान्यांच्या सुरक्षिततेबाबत खरेदीदार कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला. स्वस्त शर्टाची खरी किंमत कोण भरतं, हा प्रश्न त्या बाईच्या रेशमी वस्त्रापासून फार लांब नाही.

न पाहिलेला माल

इमाम साहेबांचं मोठेपण असं की त्यांनी आपली नेकी दुकानापुरती ठेवली नाही. बाजाराचे कायदेही नीट लावून दिले. ते स्वतः व्यापारी असल्यामुळे फसवणूक कुठे लपते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लांबच्या व्यापारात माल न बघता सौदा करावा लागतो. अशा वेळी घेणाऱ्याने काय करावं? हनफी फिकहमध्ये याचं उत्तर आहे खियार-ए-रूयत, म्हणजे पाहिल्यानंतरचा अधिकार. माल न पाहता घेतला असेल तर प्रत्यक्ष पाहिल्यावर ठेवायचा की परत करायचा, हे घेणाऱ्याच्या हातात राहतं. करारात तशी अट लिहिलेली नसली तरी हा हक्क असतो. धान्यासारख्या मालाच्या ढिगातला नमुना पाहिला तर तेवढं पाहणं पुरतं. पण बाकीचा माल नमुन्याहून हलका निघाला तर मात्र अधिकार शाबूत राहतो.

इथे एक छोटी पण मोलाची गोष्ट आहे. आधी इमाम साहेबांचं मत होतं की न पाहता विकणाऱ्यालाही असा अधिकार असावा. पण हजरत उस्मान (रजि.) आणि हजरत तलहा (रजि.) यांच्यात जमिनीचा असाच एक व्यवहार झाला होता आणि त्यात अधिकार फक्त घेणाऱ्याला देण्यात आला होता. हा निर्णय धरून त्यांनी आपलं मत बदललं. एवढा मोठा इमाम, पण आपली चूक सोडायला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे कोकणातली बरीच घराणी शाफई आहेत. त्यांच्यासाठी सांगते, शाफई मसलकातलं प्रचलित मत तर याहून कडक आहे. डोळ्यांनी न पाहिलेल्या ठराविक वस्तूचा सौदा तिथे दुरुस्तच मानला जात नाही. इमाम शाफई (रह.) यांचा जन्म हिजरी १५० चा, म्हणजे इमाम अबू हनीफा गेले त्याच वर्षीचा. पुढे ते बगदादमध्ये इमाम साहेबांचे शागिर्द इमाम मुहम्मद यांच्याकडे शिकले. दोघांची वाट वेगळी, पण काळजी एकच होती. घेणाऱ्याला अंधारात ठेवू नये.

दुसरा प्रकार आगाऊ पैसे देऊन पुढे माल घ्यायचा, ज्याला सलम म्हणतात. प्रेषित (स.) यांनी मदिन्यात माप, वजन आणि मुदत ठरवून याला परवानगी दिली होती. इमाम साहेबांनी यात काय काय आधी ठरलं पाहिजे, त्याची यादीच केली. वस्तू कोणती, तिचा प्रकार कोणता, दर्जा कसा, किती, कधी देणार, आगाऊ रक्कम किती, आणि वाहून न्यायला खर्च येणारा माल असेल तर तो कुठे पोहोचवणार. या शेवटच्या मुद्द्यावर त्यांच्या दोन्ही शागिर्दांचं म्हणणं होतं की वेगळं ठरवायची गरज नाही, जिथे सौदा झाला तिथेच माल द्यावा. इमाम साहेबांनी मात्र जागा ठरवायलाच हवी म्हटलं. ज्यांनी कधी परदेशातून माल मागवलाय त्यांना विचारा, कारखान्याच्या दारात की बंदरावर की आपल्या गोदामात, या एका गोष्टीवरून किती भांडणं होतात ते!

आणि दोष म्हणजे काय? तेही ठरवलेलं आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्यामुळे मालाची किंमत घटते, तो दोष. दोष निघाला तर घेणारा माल परत करू शकतो. हे नियम पुढे हिदायासारख्या ग्रंथांत आले. उस्मानी सल्तनतीने १८६९ ते १८७६ या काळात मजल्ला नावाची कायद्याची संहिता तयार केली, तिचाही पाया हनफी फिकहच आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हनफी फिकहमध्ये विकणाऱ्याला अशीही सूट आहे की माल जसा आहे तसा, सर्व दोषांसह, असं आधीच सांगून आणि घेणाऱ्याने ते मान्य करून सौदा होऊ शकतो. म्हणजे कायद्याने विकणाऱ्याला वाट ठेवलेली आहे. इमाम साहेबांना ही वाट माहीत होती. तरी स्वतःच्या दुकानात ते एकेक दोष दाखवून विकत होते. फतवा दुसऱ्यांसाठी सोपा आणि तकवा स्वतःसाठी कठीण, असा त्यांचा हिशेब होता. आपण नेमकं उलटं करतो.

घेतला आणि पडला

खरेदीची किंमत सांगून त्यावर ठराविक नफा घेण्याच्या विक्रीला मुराबहा म्हणतात. आज इस्लामी बँकिंगमध्ये हा शब्द फार ऐकू येतो. यात सगळा भरवसा विकणाऱ्याच्या शब्दावर असतो, म्हणून हनफी ग्रंथांत एक बारीक सूचना आहे. धुलाई, रंगाई, वाहतूक यांचा खर्च मूळ किमतीत धरता येतो. पण तेव्हा विकणाऱ्याने माल मी एवढ्याला घेतला असं म्हणू नये, मला एवढ्याला पडला असं म्हणावं. कारण घेतला म्हटलं तर ते खोटं होतं.

आपल्या मराठीत हे दोन्ही शब्द आहेत. बाजारात रोज वापरतो. पण त्यांच्यात हलाल-हरामाएवढं अंतर असू शकतं, हे कधी जाणवलं होतं का?

इमाम साहेबांच्या दुकानात एकदा एक म्हातारी आली. मी दुबळी बाई आहे, तुम्हाला पडलं त्याच भावात कापड द्या, म्हणाली. त्यांनी चार दिरहम मागितले. म्हातारी रागावली, की या वयात माझी थट्टा करता? तेव्हा त्यांनी समजावलं की मी दोन कापडं घेतली होती. त्यातलं एक विकून दोन्हींच्या खरेदीतले फक्त चार दिरहम वसूल व्हायचे राहिलेत. म्हणून हे मला चारालाच पडलंय. तिने पडलेला भाव मागितला होता, आणि त्यांनी अक्षरशः पडलेलाच भाव सांगितला.

सात वर्षं

माल कुठून आला हे विचारण्याबद्दलही त्यांचा एक किस्सा आहे. कूफ्यात लुटीच्या बकऱ्या शहरातल्या कळपांत मिसळल्या. कोणती बकरी चोरीची आणि कोणती मालकीची, हे ओळखणं कुणालाच शक्य नव्हतं. इमाम साहेबांनी बकरी साधारण किती वर्षं जगते अशी चौकशी केली. सात वर्षं असं कळलं. मग सात वर्षं त्यांनी ते मांसच खाल्लं नाही.

त्यांनी हा नियम दुसऱ्यांवर लादला नाही. पण ज्याची जुबान स्वच्छ ठेवायची आहे, त्याने ताटातल्या वस्तूचा उगम विचारावा, एवढं तरी यातून कळतं. हलाल म्हणजे फक्त जबह कशी झाली एवढंच नाही. ते जनावर कुणाचं होतं, हाही हलालचाच प्रश्न आहे.

सत्तेपुढे

असा माणूस सत्तेला हवाच असतो, कारण त्याच्या नावाला बाजारात पत असते. बनू उमय्यांच्या शेवटच्या काळात इराकचा हाकिम इब्ने हुबैरा याने त्यांना सरकारी पद देऊ केलं. त्यांनी नकार दिला. शिक्षा म्हणून रोज दहा असे एकशे दहा फटके मारल्याचं चरित्रकार लिहितात. नंतर ते मक्केला गेले आणि अब्बासी राज्य आल्यावर परतले.

खलीफा मन्सूर इ.स. ७६२ मध्ये बगदाद वसवू लागला, तेव्हा इमाम साहेबांना बांधकामाच्या विटा मोजायच्या कामावर ठेवल्याची रिवायत आहे. एकेक वीट मोजण्याऐवजी त्यांनी रचलेल्या ढिगाचं बोरूच्या काठीने माप घेऊन हिशेब लावला. व्यापाऱ्याचीच अक्कल ती.

पण मन्सूरला त्यांच्याकडून विटा नव्हे, मोहर हवी होती. त्याने काजी व्हायला सांगितलं. त्यांनी सांगितलं की मी या कामाला लायक नाही. खलीफा चिडून म्हणाला की तू खोटं बोलतोस. त्यावर त्यांचं उत्तर असं की मी खरा असेन तर लायक नाही, आणि खोटा असेन तर खोट्या माणसाला काजी कसं करता? त्यांना कैदेत टाकलं गेलं. हिजरी १५० मध्ये, म्हणजे इ.स. ७६७ मध्ये, बगदादमध्ये त्यांचा इंतकाल झाला. गर्दी एवढी लोटली की जनाजाची नमाज अनेकदा पढावी लागली. खैजुरान कब्रस्तानात त्यांना दफन केलं. आज तो भाग त्यांच्याच नावावरून आज़मिया म्हणून ओळखला जातो.

लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणावर असायच्या. गावोगावचे लोक विश्वासाने अमानत ठेवून जायचे. तेव्हा ना बँक होती ना शिक्क्याचं प्रमाणपत्र. माणसाचं नाव हेच प्रमाणपत्र होतं. ते नाव त्यांनी गिऱ्हाइकाला खोटं विकलं नाही, आणि खलीफालाही विकलं नाही.

आपल्या दुकानातली गोष्ट

आज कायदे पुष्कळ आहेत. १९८० च्या व्हिएन्ना करारात देशोदेशींच्या व्यापारात माल तपासण्याचे आणि दोष कळवण्याचे नियम आहेत. आपल्याकडे आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि माल कोणत्या देशाचा हे लिहावं लागतं. आयात खाद्यपदार्थांवर आयातदाराचं नाव, परवाना क्रमांक असा स्टिकर नंतर लावायलाही मुभा आहे. म्हणजे स्टिकर दिसला की चोरीच, असं नाही. पण मूळ तारीख झाकणारा स्टिकर ही सरळ फसवणूक आहे. म्हणून घेताना डबा उलटा करून बघा. आयातदाराचं नाव वाचा. एकावर एक स्टिकर असतील तर विचारा. विचारण्यात लाज कसली? इमाम साहेबांनी न पाहिलेल्या मालावरही तुमचा हक्क मान्य केला आहे, इथे तर माल तुमच्या हातात आहे.

आणि आपल्यातले जे दुकानदार, घाऊक व्यापारी, आयातदार आहेत, त्या भावांना एक विनंती. दुकानाच्या पाटीवर मक्का-मदिनेचं नाव असलं, डब्यावर हलालचा शिक्का असला, की गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं. हा भरवसा तुमचा नाही, दीनचा आहे. तो तुमच्याकडे अमानत आहे. माल लांबून आला हे खरं. पण तुमच्या दुकानात आल्यावर त्यातला दोष ज्या क्षणी तुम्हाला कळला, त्या क्षणापासून तो लांबचा राहत नाही.

त्या दिवशी मी दुकानदाराला हफ्स यांची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली. आठवड्याने गेले तर मांडणीवर ते डबे नव्हते. माल परत पाठवला की दुसऱ्या गल्लीत खपवला, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. कारण गठ्ठ्यातलं ते कापड कुणीतरी घेऊन गेलेलंच असतं.

अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत बरकत देवो आणि ती हलाल ठेवो. आमीन.